वाचकांचे प्रश्न : बारकोड स्कॅनरने दस्तऐवजात मजकूर भरताना

बारकोड स्कॅनर वापरून वर्ड, एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये मजकूर कसा भरावा, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. अनेकांच्या अडचणी सारख्याच असल्याने काही पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात तीच ती नावे, पत्ते, संदर्भ क्रमांक आणि ठरावीक वाक्ये दिवसभर टाइप करावी लागतात. त्यांचे बारकोड छापून ठेवले आणि स्कॅन केले, तर मजकूर थेट वर्डमध्ये उमटेल का? त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते का?

उत्तर : उमटेल, आणि वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. यूएसबीचा साधा स्कॅनर संगणकाला जोडला की संगणक त्याला कीबोर्डच समजतो. कर्सर जिथे असेल तिथे मजकूर येतो.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की लक्षात घ्या, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचे मूळ तिच्यात आहे. स्कॅनर संगणकाला अक्षरे पाठवत नाही, कळा दाबल्याचे संकेत पाठवतो. बारकोडमध्ये कॅपिटल ए असेल, तर स्कॅनर ‘शिफ्ट दाबली, ए ची कळ दाबली, दोन्ही सोडल्या’ एवढेच कळवतो. त्या कळेचे कोणते अक्षर करायचे हे संगणकात त्या क्षणी निवडलेली भाषा ठरवते. शिवाय प्रोग्रॅमला ते माणसाने केलेले टायपिंगच वाटते. त्यामुळे वर्डची आपोआप दुरुस्ती, एक्सेलची तारीख ओळखण्याची सवय, ब्राउझरचे शॉर्टकट हे सगळे स्कॅन केलेल्या मजकुरालाही लागू होते.

सुरुवात अशी करा. स्कॅनर जोडा, नोटपॅड उघडा, कीबोर्डची भाषा इंग्रजी ठेवा आणि कोणत्याही वस्तूवरचा बारकोड स्कॅन करा. अंक उमटले आणि कर्सर खालच्या ओळीत गेला, तर स्कॅनर ठीक आहे आणि तो शेवटी एंटर पाठवतो आहे. अंक उमटून कर्सर तिथेच थांबला, तर शेवटची कळ ठरवलेली नाही. स्कॅनर बीप देतो पण पडद्यावर काहीच येत नाही, असे झाले तर तो बहुधा आभासी सीरियल पोर्टच्या पद्धतीवर लावलेला आहे. पुस्तिकेतला ‘यूएसबी कीबोर्ड’ हा सेटिंग बारकोड स्कॅन केला की काम होते. स्कॅनरची सगळी सेटिंग अशीच, पुस्तिकेतले बारकोड वाचून बदलतात. एका कंपनीचे सेटिंग बारकोड दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरला सहसा चालत नाहीत, म्हणून पुस्तिका जपून ठेवा. तिच्यातल्या ‘मूळ सेटिंग’च्या बारकोडवर खूण करून ठेवा, कधीतरी तो लागतोच.

प्रश्न : कोड ३९ आणि कोड १२८ हे उभ्या पट्ट्यांचे बारकोड आणि चौकटींचा क्यूआर, यांपैकी काय निवडावे? एका बारकोडमध्ये किती मजकूर मावतो?

उत्तर : दस्तऐवजात मजकूर भरण्याच्या कामासाठी लहान मजकुराला कोड १२८ आणि लांब मजकुराला क्यूआर, असे आमचे मत आहे. कोड ३९ फक्त जुन्या व्यवस्थेशी जुळवून घ्यायचे असेल तरच घ्या.

कोड ३९ मध्ये ४३ चिन्हे आहेत : इंग्रजी कॅपिटल अक्षरे, अंक, मोकळी जागा आणि सहा विरामचिन्हे. लहान लिपीतली अक्षरे त्यात नाहीत. ती दोन चिन्हांच्या जोडीने लिहायची युक्ती आहे, लहान ए साठी अधिकचे चिन्ह आणि कॅपिटल ए. पण स्कॅनरमध्ये ‘पूर्ण आस्की’ (आस्की म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांचा प्रमाण संच) हे सेटिंग चालू नसेल तर ती जोडी जशीच्या तशी पडद्यावर येते. स्कॅन केलेल्या मजकुरात जागोजागी अधिकची चिन्हे दिसत असतील तर कारण हेच.

कोड १२८ मध्ये आस्कीची सर्व १२८ चिन्हे येतात आणि वाचन बरोबर झाले का हे पडताळणारा तपासणी अंक सक्तीचा असतो, त्यामुळे चुकीचे वाचन होण्याची शक्यता फारच कमी. त्याची लांबी काढणे सोपे आहे : प्रत्येक अक्षराला ११ एकके, आणि सुरुवात, तपासणी व शेवट मिळून ३५ एकके. एकक म्हणजे सर्वांत बारीक पट्टीची रुंदी. ती ०.२५ मिलिमीटर धरली, तर २० अक्षरांना २५५ एकके, म्हणजे सुमारे ६४ मिलिमीटर लागतात. तोच मजकूर कोड ३९ मध्ये, जाड-बारीक पट्ट्यांचे प्रमाण ३ : १ धरून, सुमारे ८८ मिलिमीटर होतो. सगळे अंकच असतील तर कोड १२८ दोन अंकांना मिळून ११ एकके घेतो, त्यामुळे २० अंक सुमारे ३६ मिलिमीटरमध्ये मावतात. २५ अक्षरांचा बारकोड ७८ मिलिमीटरच्या आसपास जातो. त्यापुढे गेलात तर हातातला स्कॅनर मागे-पुढे करून नेम धरत बसावे लागते.

क्यूआरची कमाल मर्यादा ७,०८९ अंक किंवा २,९५३ बाइट अशी सांगतात. खरी असली तरी ती आपल्या कामाची नाही, कारण १७७ गुणिले १७७ चौकटींचा तो कोड छापायला आणि वाचायला दोन्हीकडून त्रासाचा. ५७ गुणिले ५७ चौकटींपर्यंत थांबा. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून ठेवलेली तजवीज) त्यात २१३ बाइट मावतात, आणि चौकट अर्ध्या मिलिमीटरची ठेवली तर कडेच्या रिकाम्या जागेसकट तो सुमारे ३३ मिलिमीटरमध्ये बसतो. पत्ता किंवा दोन-तीन वाक्ये यात आरामात येतात. फक्त क्यूआर वाचायला कॅमेरा असलेला, म्हणजे द्विमितीय स्कॅनर हवा. लाल रेषा टाकणारा लेझर स्कॅनर क्यूआर वाचू शकत नाही, आणि मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्यावरचे साधे बारकोडही त्याला सहसा वाचता येत नाहीत. नवा स्कॅनर घेत असाल तर द्विमितीयच घ्या.

प्रश्न : कोड ३९ चा फॉन्ट टाकून वर्डमध्ये बारकोड केले. काही वाचले जातात, काही नाहीत, आणि काहींच्या पट्ट्या उगाच जाड दिसतात. काय चुकते आहे?

उत्तर : कोड ३९ च्या फॉन्टमध्ये मजकुराच्या दोन्ही टोकांना तारा-चिन्ह लागते, तीच त्याची सुरुवात आणि शेवट. आणि वर्डमध्ये दोन तारा-चिन्हांमधला मजकूर आपोआप ठळक करण्याची सोय असते. ती चालू असेल तर वर्ड तारे काढून टाकतो आणि मजकूर ठळक करतो. म्हणजे बारकोडची दोन्ही टोके गेली आणि पट्ट्याही फुगल्या. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जाऊन ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ या पानावरची ठळक-तिरप्या अक्षरांची खूण काढा. जे वाचले जातात ते बहुधा दुसरीकडून चिकटवलेले असतील, टाइप केलेले नसतील.

कोड १२८ चा फॉन्ट असा नुसता टाइप करून चालत नाही. प्रत्येक अक्षराच्या किमतीला त्याच्या स्थानाने गुणून, बेरजेत सुरुवातीच्या चिन्हाची किंमत मिळवून, तिला १०३ ने भागून येणारी बाकी तपासणी चिन्ह म्हणून घालावी लागते. ते गणित करणारे सूत्र किंवा मॅक्रो नसेल, तर छापलेला बारकोड दिसतो छान आणि वाचला मात्र जात नाही.

फॉन्टच्या भानगडीत न पडता वर्ड २०१३ पासून उपलब्ध असलेले फील्ड वापरा. कंट्रोल आणि एफ९ दाबले की फील्डचे महिरपी कंस येतात (हाताने टाइप केलेले कंस चालत नाहीत). त्यांच्यात रोमन कॅपिटल अक्षरांत, सलग, ‘डिस्प्लेबारकोड’ हा शब्द लिहा, मग दुहेरी अवतरणचिन्हांत मजकूर, आणि शेवटी प्रकार : कोड १२८ किंवा क्यूआर, तोही रोमनमध्ये आणि मध्ये जागा न सोडता. पुढे बॅकस्लॅश आणि टी जोडलेत तर बारकोडखाली मजकूरही छापला जातो. तो जरूर ठेवा, कागद फाटला किंवा डागाळला तर हाताने टाइप करता येते. एफ९ दाबले की बारकोड दिसू लागतो. लिब्रेऑफिसमध्ये इन्सर्ट मेनूतल्या ओएलई ऑब्जेक्टखाली क्यूआर आणि बारकोडची सोय आहे. क्यूआर ६.४ आवृत्तीपासून आला, रेषांचा बारकोड नंतर.

प्रश्न : पडद्यावर व्यवस्थित दिसणारा बारकोड छापल्यावर वाचला जात नाही. लॅमिनेशन केल्यावर तर अजिबातच नाही.

उत्तर : छपाईतल्या बिघाडाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बारीक पट्टीची रुंदी आणि प्रिंटरचे ठिपके यांचा मेळ न बसणे. ३०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. पट्टी ३ ठिपक्यांची, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर ठेवली तर प्रत्येक पट्टी नेमकी ३ ठिपक्यांची छापली जाते. ती ०.३० मिलिमीटर ठेवली तर हिशेब साडेतीन ठिपक्यांचा येतो. अर्धा ठिपका छापता येत नाही, म्हणून प्रिंटर काही पट्ट्या ३ ठिपक्यांच्या आणि काही ४ ठिपक्यांच्या करतो. स्कॅनर मोजतो ती हीच रुंदी, त्यामुळे तो गोंधळतो. बारकोडचे चित्र माउसने ओढून लहान-मोठे केले किंवा छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय राहिला, तरी हेच होते. आकार बारकोड तयार करतानाच ठरवा आणि छपाई शंभर टक्के आकारात करा.

दुसरे कारण कडेची मोकळी जागा. कोड ३९ आणि कोड १२८ च्या दोन्ही बाजूंना बारीक पट्टीच्या किमान दहापट जागा कोरी हवी. ०.२५ मिलिमीटरच्या पट्टीला अडीच मिलिमीटर पुरतात, पण ६ मिलिमीटर सोडलेत तर निश्चिंत. क्यूआरला चारही बाजूंनी ४ चौकटींएवढी जागा लागते. बारकोड तक्त्याच्या चौकटीत ठेवलात तर तक्त्याची उभी रेघ या जागेत घुसते आणि स्कॅनर तिला पट्टीच समजतो. तक्त्याच्या रेघा काढून टाका.

लॅमिनेशनचा दोष चकाकीचा. स्कॅनर सरळ समोर धरला की त्याचाच प्रकाश आरशासारखा परत त्याच्यात जातो. स्कॅनर १५ अंश तिरपा धरा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते. नव्याने करणार असाल तर मॅट लॅमिनेशन निवडा. रंगांचेही भान ठेवा : बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो आणि त्या प्रकाशात लाल किंवा नारिंगी पट्ट्या पांढऱ्या कागदात विरून जातात. पांढऱ्यावर काळे, हा मेळ सर्वांत भरवशाचा.

प्रश्न : मराठी मजकुराचा क्यूआर केला. मोबाइलवर वाचला तर मराठी व्यवस्थित दिसते, पण स्कॅनरने वर्डमध्ये प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे येतात. मराठी मजकूर स्कॅनरने टाकता येतच नाही का?

उत्तर : येतो, पण सरळ रस्त्याने नाही. क्यूआरमध्ये मराठी अगदी बिनचूक साठवले जाते. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटच्या रूपात साठवण्याची प्रमाण पद्धत) ३ बाइट लागतात, म्हणजे वर सांगितलेल्या २१३ बाइटच्या क्यूआरमध्ये ७१ वर्ण मावतात. इथे काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे : ‘क्ष’ दिसतो एक, पण क, हलन्त आणि ष मिळून त्याचे ९ बाइट होतात. मोबाइल हे बाइट वाचून थेट अक्षरे दाखवतो. स्कॅनर मात्र कळा दाबतो, आणि इंग्रजी कीबोर्डवर ‘क’ ची कळच नाही. मग तो काहीतरी जवळचे पाठवतो किंवा प्रश्नचिन्ह टाकतो.

यावर तीन उपाय आहेत. तिन्ही उपयोगी, पण आमची शिफारस पहिल्या दोनांची.

पहिला उपाय : बारकोडमध्ये मराठी घालायचेच नाही, खुणेचा छोटा शब्द घालायचा आणि तो वर्डकडून मोठा करून घ्यायचा. समजा, पत्राच्या शेवटचा ठरावीक परिच्छेद हवा आहे. रोमनमध्ये ‘झेड झेड शून्य एक’ अशी, कोणत्याही शब्दात न येणारी खूण ठरवा. वर्डमध्ये तो परिच्छेद मराठीत लिहून निवडा, ऑटोकरेक्टची खिडकी उघडा, ‘रिप्लेस’मध्ये खूण भरा आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ हा पर्याय घेऊन जोडा. साध्या मजकुराच्या नोंदीला २५५ वर्णांची मर्यादा आहे, फॉरमॅटेड नोंदीला ती आड येत नाही. आता त्या खुणेचा कोड १२८ करा आणि तिच्या शेवटी एक मोकळी जागा घाला. ही जागा विसरू नका : वर्ड खूण बदलतो तो स्पेस, विरामचिन्ह किंवा एंटर आल्यावरच. साध्या नोंदींची यादी वर्ड भाषेनुसार वेगळी ठेवतो, त्यामुळे खिडकीच्या शीर्षकात कोणती भाषा दिसते ते पाहूनच नोंद करा. मराठीच्या यादीत टाकलेली खूण इंग्रजी कीबोर्डवर स्कॅन केली तर ती बदलत नाही आणि कारण शोधत बसावे लागते.

वर्डबाहेरही, म्हणजे ईमेल किंवा ब्राउझरमधल्या फॉर्मात हेच हवे असेल, तर ऑटोहॉटकीसारखा खुणा उलगडणारा प्रोग्रॅम वापरा. मजकूर बदलायचा झाला तर एकदाच नोंद बदलायची, छापलेला बारकोड तोच राहतो. ही या पद्धतीची सर्वांत मोठी सोय आहे.

दुसरा उपाय इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-रचना, वापरणाऱ्यांना लगेच पटेल. स्कॅनर कळाच दाबतो ना, मग मराठी शब्दाच्या कळा बारकोडमध्ये भरा. ‘नमस्कार’ इन्स्क्रिप्टमध्ये कसा टाइप होतो? न ला व्ही, म ला सी, स ला एम, हलन्ताला डी, क ला के, कान्याला ई, र ला जे. ही सात अक्षरे, लहान लिपीत, याच क्रमाने कोड १२८ मध्ये घाला. संगणकाची भाषा मराठी इन्स्क्रिप्ट करून स्कॅन केलेत की ‘नमस्कार’ उमटेल. ख, घ, थ, ध अशा शिफ्टच्या अक्षरांसाठी कॅपिटल अक्षर घालायचे : क चा के लहान, ख चा के कॅपिटल. कळांचा क्रम पाठ नसेल तर कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि मराठी टाइप करताना बोटे जशी पडतात तशीच पडू द्या. पडद्यावर जो निरर्थक रोमन मजकूर येईल तोच बारकोडचा मजकूर. अंक असतील तर आधी तपासा, कारण वरच्या ओळीतल्या कळांवर देवनागरी अंक येतात की रोमन, हे निवडलेल्या कीबोर्डनुसार बदलते. उच्चारानुसार मराठी करणाऱ्या फोनेटिक कीबोर्डवर ही युक्ती वापरू नका. तो शब्द सुचवत आणि बदलत असतो, स्कॅनरच्या वेगापुढे त्याचे सुचवणे आणि आपला मजकूर एकमेकांत मिसळतात.

तिसरा उपाय ‘ऑल्ट’ पद्धतीचा, फक्त विंडोजवर चालणारा. काही द्विमितीय स्कॅनर ऑल्ट दाबून वर्णाचा क्रमांक अंकांच्या कळांवर टाइप करतात. ‘क’ साठी तो क्रमांक २३२५. वर्ड हा क्रमांक ओळखतो. पण ज्या प्रोग्रॅमला ही सोय नाही तो २३२५ ला २५६ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे २१ धरतो आणि ‘क’ च्या जागी कलमाची खूण, ‘§’, छापतो. शिवाय एकेका वर्णासाठी इतक्या कळा लागत असल्याने ही पद्धत संथ आहे.

प्रश्न : ईमेल पत्त्यातल्या ‘@’ च्या जागी अवतरणचिन्ह येते. दुसऱ्या संगणकावर वाय आणि झेड यांची अदलाबदल होते.

उत्तर : पहिल्या संगणकावर ब्रिटिश कीबोर्ड निवडलेला आहे, त्यात ही दोन चिन्हे अमेरिकी कीबोर्डच्या उलट असतात. दुसऱ्यावर जर्मन आहे. संगणकाची भाषा ‘इंग्रजी, युनायटेड स्टेट्स’ करा किंवा स्कॅनरच्या पुस्तिकेतला त्या देशाच्या कीबोर्डचा सेटिंग बारकोड वाचा. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, एवढेच. कॅपिटल आणि लहान अक्षरे उलटी येत असतील तर आधी कॅप्स लॉक पाहा.

प्रश्न : पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करतो. आयएसबीएन स्कॅन केला की ‘९.७८ई+१२’ असे काहीतरी दिसते. आमच्या स्वतःच्या बारकोडमधली सुरुवातीची शून्ये जातात, आणि काही कोडच्या चक्क तारखा होतात.

उत्तर : एक्सेलला हे अंक मोजायचे आकडे वाटतात. १२ किंवा जास्त अंकांचा आकडा तो घातांकाच्या रूपात दाखवतो, सुरुवातीची शून्ये निरर्थक म्हणून टाकतो, आणि ‘३-४’ किंवा ‘मार्च’ची रोमन आद्याक्षरे व एक अंक असा कोड दिसला की तारीख करतो. स्कॅन करण्याआधी पूर्ण स्तंभ निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. आधी हा शब्द महत्त्वाचा. घातांकाच्या रूपातला आयएसबीएन नंतर पूर्ण दाखवता येतो, कारण त्याचे १३ अंक आत शाबूत असतात. पण गेलेली शून्ये परत येत नाहीत, आणि एक्सेल १५ अंकच नेमके ठेवत असल्याने १६ वा आणि पुढचे अंक कायमचे शून्य होतात. स्तंभाचा प्रकार नंतर बदलून ते मिळत नाहीत, पुन्हा स्कॅन करावे लागते.

आयएसबीएनबद्दल आणखी थोडे. काही स्कॅनरमध्ये तो जुन्या १० अंकी रूपात बदलण्याचे सेटिंग असते. तुमच्या यादीत काही नोंदी १० अंकी येत असतील तर ते बंद करा. ९७८ काढून टाकले की १० अंकी क्रमांक मिळतो, हा समज चुकीचा आहे : शेवटचा तपासणी अंक दोन्हींत वेगळ्या गणिताने येतो, १० अंकीमध्ये तो एक्स हे अक्षरही असू शकतो. यादी १३ अंकांचीच ठेवा.

एका ओळीत तीन-चार गोष्टी स्कॅन करायच्या असतील तर स्कॅनरची शेवटची कळ टॅब ठेवा आणि ओळ संपली की हाताने एंटर दाबा. टॅबने पुढे सरकत गेल्यावर एंटर दाबला की एक्सेल पुढच्या ओळीत, जिथून टॅब सुरू केला त्या स्तंभात परत येतो. माउसला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : ब्राउझरमधल्या फॉर्मात स्कॅन केले की डाउनलोडची खिडकी उघडते. वर्डमध्ये एक ठरावीक लेबल स्कॅन केले की पुढची अक्षरे मोठी होतात. व्हायरस असेल का?

उत्तर : नाही. बारकोडमध्ये न दिसणारी नियंत्रण-चिन्हे असतात आणि स्कॅनर ती कंट्रोलसोबत दुसरी कळ दाबून पाठवतो. ओळ बदलण्याचे आस्की १० हे चिन्ह म्हणजे कंट्रोल आणि जे. ब्राउझरमध्ये त्याने डाउनलोड उघडतात, वर्डमध्ये परिच्छेद दोन्ही कडांना समान होतो. मालाच्या लेबलावरच्या जीएस१ (व्यापारी मालासाठीचे प्रमाण) बारकोडमध्ये दोन माहितींमध्ये आस्की २९ हे विभाजक असते. ते कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस म्हणून येते, आणि वर्डमध्ये त्याचा अर्थ अक्षर एका पॉइंटने मोठे करा. शेवटची कळ ‘एंटर आणि ओळबदल’ अशी असेल तर नुसती एंटर किंवा टॅब करा. विभाजकासाठी स्कॅनरमध्ये ‘चिन्ह बदला’ असे सेटिंग असते, तिथे त्याच्या जागी उभी रेघ किंवा अर्धविराम ठेवा. स्कॅनरमध्ये नियंत्रण-चिन्हे पूर्ण बंद करण्याची सोय असेल आणि तुम्हाला त्यांची गरज नसेल, तर ती बंदच करा. बाहेरून आलेल्या अनोळखी बारकोडने शॉर्टकट चालवू नयेत, हे सुरक्षेच्या दृष्टीनेही बरे.

मजकुराच्या आधी उजवा चौकोनी कंस, एक रोमन अक्षर आणि एक अंक येत असेल, तर तो बारकोडचा प्रकार सांगणारा संकेत आहे. ‘एआयएम आयडी’ हे सेटिंग बंद केले की तो जातो.

प्रश्न : दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करताना मधलीच अक्षरे गळतात, कधी लहान अक्षराचे कॅपिटल होते. नोटपॅडमध्ये मात्र सगळे बरोबर.

उत्तर : स्कॅनर माणसापेक्षा कितीतरी वेगाने कळा दाबतो आणि जाळ्यातून जाताना त्या साचतात. शिफ्ट सोडल्याचा संकेत उशिरा पोचला की पुढचे अक्षर कॅपिटल होते. पुस्तिकेत ‘अक्षरांमधला विलंब’ शोधा, १० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि गळती थांबेपर्यंत वाढवत न्या. ५० मिलिसेकंद ठेवले तरी २० अक्षरांना एक सेकंद लागतो, काम अडत नाही. बारकोडचा मजकूर एकाच लिपीत, सगळा लहान किंवा नुसते अंक ठेवता आला तर शिफ्टचा प्रश्नच उरत नाही. खुणा उलगडणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर एका बारकोडमध्ये एकच खूण ठेवा, कारण पहिली उलगडत असतानाच दुसरीच्या कळा येऊन आदळतात.

प्रश्न : स्कॅन केलेल्या कोडचे पहिले अक्षर वर्ड आपोआप कॅपिटल करतो.

उत्तर : ऑटोकरेक्टमधली ‘वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल’ आणि ‘सुरुवातीची दोन कॅपिटल’ या दोन्ही खुणा काढा. सरळ अवतरणचिन्हे वाकडी होणे आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होणे, हेही त्याच खिडकीत बंद होते. संदर्भ क्रमांक पुढे कुठे शोधायचे असतील तर हे आवर्जून करा, एका रेघेच्या फरकाने शोध हुकतो.

प्रश्न : ब्लूटूथ स्कॅनर टॅबलेटला जोडला की पडद्यावरचा कीबोर्डच गायब होतो.

उत्तर : टॅबलेटला खरा कीबोर्ड जोडल्यासारखे वाटते. अँड्रॉइडमध्ये प्रत्यक्ष कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करा. आयपॅडसाठी बऱ्याच स्कॅनरमध्ये कळ दोनदा दाबून किंवा सेटिंग बारकोड वाचून तो परत आणता येतो.

प्रश्न : रोज लागणारा पासवर्ड क्यूआरमध्ये छापून टेबलावर चिकटवला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. बारकोडमध्ये काहीही लपवलेले नसते, समोरून जाणारा कोणीही मोबाइलने तो वाचू शकतो, आणि फोटोतूनही तो वाचला जातो. पासवर्ड, बँकेचे तपशील किंवा कोणाची खासगी माहिती बारकोडच्या तक्त्यावर घालू नका. आधीच चिकटवला असेल तर कागद काढून फाडा आणि पासवर्ड आजच बदला.